एक हजार चोवीस चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

आजपासून नोंदवही. सर्व्हर असेल तिथे नोंदवही हवीच, असं अंधेरीच्या लिनक्स कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (पुढचे पाच आठवडे मला कावीळ होती. पण पाया पक्का झाला.) वही फक्त माझ्यासाठी. मुरादमामूच्या हाती लागू नये म्हणून टोनरच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार.

सद्यस्थिती : मामूची टीव्हीची केबल महाडभर आहेच. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या जोडीने छपराछपरांवरून इंटरनेटची निळी वायर ओढली. शहाण्णव कनेक्शन, गावातले दोन्ही सायबर कॅफे त्यातच. हे सगळे एकाच मशीनमधून बाहेर जातात, त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. कोणी काही मागितलं की मागणी आधी माझ्या मशीनकडे, मग मशीन ते बाहेरून आणून देणार. थोडक्यात, महाडात जगातलं जे काही येतं ते माझ्या टेबलाखालून येतं. मामूला हे अजून नीट कळलेलं नाही. तो माझी ओळख "आमचा वायरवाला भाचा" अशी करून देतो.

मशीनचं नाव टकमक ठेवलं. रायगडावरच्या टोकावरून. प्रियदर्शिनी म्हणाली, सर, तिथून माणसं ढकलायचे. मी म्हटलं, नावात दरारा पाहिजे.

संकल्प : रोज सकाळी लॉग, म्हणजे मशीन स्वतःच लिहून ठेवतं ती नोंद, वाचणे. मशीन उगाच रीस्टार्ट न करणे. दिवाळीपर्यंत अँटेना लावून पोलादपूरला नेट नेणे. चहा कमी.

६ फेब्रुवारी

अकरा वाजता नेट अडकलं. काहीच उघडेना. रीस्टार्ट केलं, चालू झालं. कारण : ग्राहक. सगळे एकदम उघडतात.

लॉग वाचायचा राहिला. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी, ईद

आख्ख्या गावाला आजच शुभेच्छांची हलणारी कार्डं पाठवायची होती. तीन वेळा बंद. नमाजहून थेट ऑफिसात, नवा कुर्ता घालून टेबलाखाली. थोरल्या बहिणीने, आमिनाआपाने, डब्यात शीरखुर्मा पाठवला आणि निरोप, उबेदभाईंचा मेल आलाय का बघ.

आला होता. उबेदभाई म्हणजे आपाचे मिस्टर, कुवेतला अहमदीत फोरमन. आपाकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून मेल माझ्या पत्त्यावर येतो आणि मी छापून देतो. लिहिलंय : ईद मुबारक. लढाई होणार असं सगळेच बोलतात. कंपनीने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायला सांगितलीय. गॅसचे मास्क आले, पण फक्त ऑफिसातल्यांना. सदू विचारतो, सिमेंट कालवणाऱ्याला नाक नसतं काय.

सदू त्यांच्या हाताखालचा, हिरकणीवाडीचा पोरगा.

आपाला द्यायच्या प्रिंटमधून चिकटपट्टी आणि मास्क काढून टाकले. सणाचा दिवस. व्यवस्थापनात माहिती कुणाला किती द्यायची हेही बघावं लागतं.

१५ फेब्रुवारी

लॉग अखेर वाचला गेला. प्रियदर्शिनीने वाचला. ही तक्रारींच्या रजिस्टरवर बसते, बी.एस्सी. आहे, नातेगावाहून रोज एस्टीने येते. तिने एकच ओळ लाल शाईत उतरवून माझ्यापुढे ठेवली : "सावधान, फाइल डिस्क्रिप्टर संपत आले आहेत." म्हणाली, काल दिवसभरात ही ओळ चाळीस वेळा आलीय.

मी म्हटलं, ही सूचना आहे, तक्रार नव्हे. सूचनांकडे लक्ष दिलं तर कामं होत नाहीत.

१७ फेब्रुवारी

फाइल डिस्क्रिप्टर काय असतं ते आज पूर्ण समजून घेतलं. मशीन एका वेळी जे जे उघडं धरतं, कुणाची लाइन, एखादं चित्र, एखादी फाइल, त्या प्रत्येकाला नंबराची एक चिठ्ठी देतं. काम संपलं की चिठ्ठी परत. आमच्या प्रॉक्सीकडे अशा एक हजार चोवीस चिठ्ठ्या. त्या सगळ्या बाहेर असल्या की नवीन माणूस दाराबाहेर उभा.

पण ग्राहक शहाण्णव. माणशी दहा चिठ्ठ्या, वर चौसष्ट शिल्लक. म्हणजे संपणं शक्यच नाही. लॉग चुकतोय.

प्रियदर्शिनी म्हणाली, सर, एका पानात तीस चित्रं असतात. चित्रामागे दोन चिठ्ठ्या, एक गिऱ्हाइकाच्या बाजूची, एक बाहेरच्या बाजूची. आणि आपली बाहेरची लाइन बारीक, त्यामुळे गेलेली चिठ्ठी लवकर परत येत नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे का ते बघत होतो.

२४ फेब्रुवारी

झालं! मर्यादा वाढवायची आज्ञा सापडली. स्क्रीनवरच्या आज्ञांच्या खिडकीत टाइप केली, मग मशीनला विचारलं, आता किती? उत्तर : ८१९२. एक ओळ. लोक ह्यासाठी बंगलोरहून इंजिनियर बोलावतात.

मामूने विचारलं, म्हंजे आता बंद नाय पडणार? मी म्हटलं, लिहून देतो. त्याने खरंच कागद पुढे केला. दिलं लिहून. सहीखाली सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

१ मार्च, शनिवार

भारत-पाकिस्तान मॅच. घरोघरी आमच्याच केबलवर मॅच दिसत असताना लोकांना स्कोर नेटवर कशाला बघायचा असतो, हा अभ्यासाचा विषय आहे. अडीच वाजता बंद. तीनला बंद. मग किती वेळा ते लिहीत नाही. मामू उठला. माझा कागद आणून टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट.

२ मार्च

कारण सापडलं. ती आज्ञा फक्त त्या खिडकीपुरती असते. खिडकी मिटली की संपली. कोर्समध्ये हे काविळीच्या काळात झालं असणार.

कायमचा इलाज : एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं की जो कोणी मशीनवर लॉगिन करेल त्याला ८१९२. लिहिलं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, विचारलं. ८१९२. आता विषय बंद.

७ मार्च

नेट बंद.

प्रियदर्शिनीचं म्हणणं : ती फाइल लॉगिन करणाऱ्यासाठी. प्रॉक्सी म्हणजे मशीनवरचा प्रोग्रॅम, तो लॉगिन कुठे करतो? तो मशीनबरोबर आपोआप उठतो. तुम्ही तुमच्या चिठ्ठ्या मोजताय सर, त्याच्या नाही. तो उठताना स्वतःच लिहितो, हे बघा, "१०२४ डिस्क्रिप्टर उपलब्ध."

मी म्हटलं, जुनी नोंद असेल. तिने तारीख दाखवली. मी म्हटलं, मशीनचं घड्याळ चुकीचं आहे. तिने स्वतःच्या मनगटावरचं दाखवलं.

तिला लॉग वाचायचं काम अधिकृतपणे सोपवून टाकलं. पुढाऱ्याने माणसं घडवायची असतात.

११ मार्च

उबेदभाईंचा मेल. काल भोंग्याची तालीम झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी बिनखिडकीच्या खोलीत जायचं. कॅम्पात तशी एकच खोली, धान्याची. एकशे दहा माणसं, आत मावतात तीस. सदू म्हणाला, आपण दाराशी उभे राहू, गॅस काय रांग बघून येतो. दुकानातला टेप आणि बाटल्यांचं पाणी संपलं.

छापताना धान्याच्या खोलीपासून पुढचं काढलं. आपाने प्रिंट उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, हा माणूस समोर असला की तास तास बोलतो, कागदावर इतका आखूड कसा रे? मी म्हटलं, बिझी असतील.

१४ मार्च

प्रियदर्शिनीने अडगळीतल्या दोन मशिनांचं एक केलं आणि त्यावर प्रॉक्सीचा प्रोग्रॅम मूळ कोडपासून नव्याने बांधून दाखवला. म्हणते, आपला प्रॉक्सी बांधतानाच १०२४ धरून बांधलाय, बाहेरून कितीही वाढवा, तो घेणारच नाही. कागदावर तीन पायऱ्या लिहून दिल्या. एक, मर्यादा वाढवून प्रॉक्सी पुन्हा बांधायचा. दोन, त्याच खिडकीतून चालू करायचा. तीन, मशीन उठताना जी फाइल आपोआप चालते तिच्यात मर्यादेची ओळ घालायची, नाहीतर पुढच्या वेळी मशीन उठेल ते पुन्हा १०२४ घेऊन.

मी म्हटलं, चालत्या सिस्टिमला हात लावायचा नसतो. ती म्हणाली, चालती कुठाय?

कागद खिशात ठेवला. हेच मी करणार होतो, फक्त योग्य वेळेची वाट बघत होतो.

१७ मार्च

सात वेळा बंद. कुवेतच्या फोनलाइनी दोन दिवस लागतच नाहीत. एस्टीडी बूथवर बायका सकाळपासून बसून आहेत, शेवटी उठून सायबर कॅफेत येतात, आणि सायबर कॅफे म्हणजे मी. काकरतळ्यातली शगुफ्ताचाची, जिचे दोन मुलगे तिकडे आहेत, ती येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. बराच वेळ. मी कीबोर्ड पुसत होतो.

१८ मार्च

अमेरिकेने अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. सगळीकडे तेच. कुणी मोठ्याने बोलत नाही. भाजीवालासुद्धा भाव हळू सांगतो.

पायरी एक आणि दोन मी स्वतः केल्या. प्रियदर्शिनी जेवायला गेली होती तेव्हा. सव्वा तास लागला. घाम. लॉगमध्ये ओळ आली : "८१९२ डिस्क्रिप्टर उपलब्ध." ही माझ्या खिडकीतली नव्हे, प्रॉक्सीची स्वतःची. तीनदा वाचली.

तिसरी पायरी ठेवून दिली. मशीन उठताना काय करायचं त्याची ती पायरी. पण मशीन आता पडणारच नाही, तर उठायचा प्रश्न येतो कुठे?

उद्यापासून तीन दिवस प्रियदर्शिनीची रजा, वीस मार्चला चवदार तळ्यावर त्यांच्या घरच्यांची पाणी वाटायची सेवा असते. जाताना तिने विचारलं, सर, तिन्ही पायऱ्या झाल्या? हो म्हटलं. मनातून झाल्याच होत्या.

१९ मार्च

एकदाही बंद नाही.

संध्याकाळी उबेदभाईंचा मेल. हा पूर्ण लिहून ठेवतो. "आमिनास. कंपनीने उद्याच्या मुंबईच्या विमानात जागा घेतल्यात. ज्याला जायचं त्याने जावं, पण गेलेल्याला परत घेणार नाहीत. बस कॅम्पातून उद्या दुपारी बाराला, म्हणजे तुमचे अडीच. तू ये म्हणालीस तर येतो. थांब म्हणालीस तर थांबतो, मला राग नाही. इथे नऊ वर्षं काढली ती तुला विचारूनच. सदूही म्हणतो, आईला विचारा. ऑफिसचा कॉम्प्युटर उद्या आमच्यासाठी उघडा ठेवणार आहेत. उत्तर पाठव."

हा मी आखूड केला नाही. आपाने तीनदा वाचला, घडी केली, म्हणाली, सकाळी येते. हिरकणीवाडीला रोपवेजवळच्या दुकानात फोन केला, सदूच्या आईला, रंगूबाईला, निरोप द्या म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी ८.३० : लढाई सुरू. मामू टीव्हीसमोर उभा, बसायला तयार नाही. बाहेर तळ्याकडे जाणाऱ्यांची रीघ कालपासूनच, पांढरे कपडे, निळे झेंडे. गाड्या गावाबाहेरच थांबवल्यात.

९.४५ : टकमक खंबीर. ८१९२ पैकी ३१०० चिठ्ठ्या बाहेर. जुन्या मर्यादेत केव्हाच आडवा झाला असता. गावात आज जे कोणी बातम्या वाचतायत ते माझ्यामुळे.

१०.५० : लाइट गेली. युपीएस वीस मिनिटं धरतो.

११.१० : युपीएस संपला.

११.१८ : लाइट आली. टकमक आपोआप उठला, मला हातही लावावा लागला नाही. सिस्टिम असावी तर अशी.

११.४० : आपा आली. मागोमाग रंगूबाई. बाईंची एस्टी फाट्यावरच थांबवली, तिथून उन्हातून गर्दीतून चालत आल्या. गडाच्या पायथ्याशी झुणका-भाकर आणि ताक विकतात, तो धंदा आज बंद ठेवून. आपाने सांगितलं, लिही, ये. मी विचारलं, एवढंच? म्हणाली, एवढंच, लांबवू नको. रंगूबाईंनी सांगितलं, माज्या सदूला लिव, काम गेलं त जाऊंदे, आयशीनं बोलावलाय म्हनावं, उबेदसायेबाचा हात धरून ये. सगळं टाइप केलं. पाठवायचं बटण दाबलं.

पान पांढरं झालं. आपाने विचारलं, गेला? गेला म्हटलं. एरवी जातोच. रंगूबाईंनी विचारलं, पोचला? पोचला म्हटलं. त्यांनी स्क्रीनला हात लावून कपाळाला लावला. आपा त्यांना जेवायला घरी घेऊन गेली.

१२.०५ : पान अजून पांढरंच.

१२.१० : लॉग उघडला. संपत आले आहेत. संपत आले आहेत. संपत आले आहेत. वर गेलो, ११.१८ ची ओळ शोधली. "१०२४ डिस्क्रिप्टर उपलब्ध."

१२.३० : रीस्टार्ट. आठ मिनिटं चालला. मेलचं पान अर्धं उघडेपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या गेल्या. लोक बातम्यांची पानं पुन्हा पुन्हा उघडतायत. गावाला हात जोडून सांगता येत नाही की पाच मिनिटं काही उघडू नका.

१२.५५ : तिसरी पायरी करायला घेतली. ओळ घातली.

१.०५ : प्रॉक्सी आता उठतच नाही. ओळ भलत्या जागी पडली असावी. कुठे ते दिसत नाही. डोळ्यांपुढे अक्षरं हलतात.

१.१५ : मामूने विचारलं, आमिनाचं काम झालं ना? मी म्हटलं, केव्हाच. बाहेर जरा गर्दीचा अंदाज घेऊन येतो.

४.०० : दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. हजारो माणसं, आणि सगळी तळ्याच्या दिशेने, मीही त्याच दिशेने, तरी वाट मिळेना. प्रियदर्शिनी पाण्याच्या पिंपाशी सापडली, पांढऱ्या साडीत. मी सांगायला लागलो की आकस्मिक विद्युत परिस्थितीमुळे. तिने मधेच विचारलं, तिसरी पायरी केली नव्हतीत ना? मग ओगराळं आत्याच्या हातात दिलं, सुंदराबाई नावाच्या, आणि पुढे चालू लागली. सुंदराबाईंनी मला विचारलं, पाणी तरी पितोस का बाबा. प्यायलो नाही. ह्याचं आता वाईट वाटतं, का ते कळत नाही.

तिने माझी ओळ काढली, दोन ओळी वर नेऊन पुन्हा घातली. प्रॉक्सी उठवला. ८१९२. तेव्हा घड्याळात २.४४.

मेल उघडला. पाठवलेल्यांच्या यादीत आजचं काहीही नाही. आलेल्यांत एक, २.१० चा. "आमिना, बस उभी आहे. तुझं उत्तर नाही म्हणजे थांबावं असंच तुझं म्हणणं असणार, बोलायला जड गेलं असेल. सदूच्या आईनेही कळवलं नाही. आम्ही आमच्या दोन्ही जागा मलबारच्या दोघांना दिल्या, त्यांना लहान पोरं आहेत. काळजी नको."

२.५२ ला मी "ये" पाठवलं. लगेच गेलं. अर्ध्या सेकंदात.

प्रियदर्शिनीने मागे उभं राहून सगळं वाचलं. म्हणाली, जुना मोडेम कपाटात होता, सर. फोनच्या लाइनवर लावला असता तर पाच मिनिटांचं काम. मग म्हणाली, ताईंना आजच सांगा.

योग्य वेळी सांगणार आहे.

५.१५ : टीव्हीवर कुवेत. दुपारपासून तिथे क्षेपणास्त्रं पडतायत. भोंगे. माणसं मास्क लावून पळताना दाखवली. मास्क असलेली माणसं.

२१ मार्च

मेल नाही. नेट उत्तम.

आपाने विचारलं, तुला नक्की वाटतं ना पोचला? मी म्हटलं, मी स्वतः बघितला. (खरंच बघितला. २.५२ चा.)

२३ मार्च

वर्ल्ड कपची फायनल. सगळा गाव स्कोर बघत होता, प्रॉक्सी एकदाही अडकला नाही. आपण हरलो. मेल नाही.

मामू म्हणाला, आता बरा चालतंय रे तुझा. पाठीवर थाप मारली. मी दचकलो.

२५ मार्च

मेल नाही. पान उघडतं, झटकन उघडतं, आणि त्यात काही नसतं. पूर्वी उघडायचंच नाही तेव्हा निदान असं वाटायचं की आत काहीतरी असेल.

आपा आज आली नाही. निरोप पाठवला नाही. मीच गेलो. ती उबेदभाईंचे शर्ट ट्रंकेत भरत होती, घडी न घालता. म्हणाली, नऊ वर्षं मला विचारून राहिला, आणि एकदा मी ये म्हटलं तर आला नाय. मला सांग फुरकान, त्या वाळूत असं काय हाय? मी तोंड उघडलं होतं. पण शेजारीण आली.

तिला मध्ये यायची गरज नव्हती.

२७ मार्च

पोलादपूर प्रोजेक्टचा नकाशा काढला. तीन तास. अँटेना कुठल्या टेकडीवर ते ठरवलं. मग बघितलं तर कागदावर अहमदी लिहिलेलं.

प्रियदर्शिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. रजिस्टरमध्ये आज एकही तक्रार नाही. तिने तारीख टाकून पान कोरं सोडलंय.

२९ मार्च, शनिवार

फोन लागला! साडेअकराला, आपाच्या शेजाऱ्यांकडे. दोघेही सुखरूप. पहिल्याच दिवशी कॅम्प हलवला, कॉम्प्युटर मागे राहिला, फोन आज मिळाला. नव्या कॅम्पातल्या धान्याच्या खोलीत सदू सहा दिवस दाराशीच बसला होता, आत जागा असूनही. एक दिवस जवळच काहीतरी पडलं तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकतो. बाकी ठीक. दुसऱ्यांदा विमान कधी, कुणाला माहीत नाही.

बातमी ऐकून मी नाचलो. खरंच, मामूसमोर.

आपा बाराला आली. बसली नाही. उबेदभाईंना तिने फोनवर विचारलं होतं, बोलावून का आला नाहीस. ते म्हणाले होते, कधी बोलावलंस?

मी फाइल डिस्क्रिप्टरपासून सुरुवात केली. ती म्हणाली, फुरकान, गेला होता की नाय? मी म्हटलं, त्या वेळी तांत्रिकदृष्ट्या. ती पुन्हा म्हणाली, गेला होता की नाय. नाही म्हटलं. मग म्हणाली, नऊ दिवस मी त्याला शिव्या घातल्या. भोंगे वाजत होते आणि मी इथं बसून त्याला शिव्या घालत होते.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मामू दारात होता, त्यानेही ऐकलं. छत्री घेतली आणि बाहेर गेला. उन्हात.

जाताना आपा म्हणाली, मी निदान त्याच्याशी बोलले तरी. रंगूबाई मंगळवारी बाजारात भेटली होती. म्हणाली, पोरगा आयशीला नाय म्हनाला, आता त्याचा नाव काढू नको माज्यासमोर. तिला कोण सांगणार? तूच जायचं. फोन नाय करायचा.

३० मार्च, रविवार

सकाळच्या एस्टीने हिरकणीवाडी. मुद्दे रात्रीच लिहून ठेवले होते, एकूण नऊ. विद्युतपुरवठा. चिठ्ठी म्हणजे काय. मर्यादा कोण ठरवतं. बांधणीतला मूळ दोष, जो माझ्या आधीचा. अशा क्रमाने गेलं की ऐकणाऱ्याला आपोआप पटतं की अशा परिस्थितीत कुणीही. एस्टीत दोनदा पाठ केले.

रोपवेला ही रांग. रंगूबाई चुलीपुढे. मला बघून ओळखलं, भाकरी थापता थापता म्हणाल्या, बस. मी सदू सुखरूप आहे ते आधी सांगितलं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, म्हणाल्या, असूंदे. जिथं हाय तिथं सुखात असूंदे. मी नाय विचारत त्याला.

मी पहिला मुद्दा घेतला. विद्युतपुरवठा. दुसऱ्याच्या मध्यावर, चिठ्ठ्यांशी, त्या माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. विचारलं, म्हंजे माजा निरोप गेलाच नाय?

मी म्हटलं, नाही.

तू पोचला म्हनालास त्या टायमाला, तवा पन नाय?

नाही.

त्या उठल्या. मला वाटलं, उलथनं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदक्यातून हसायला लागल्या. म्हणाल्या, मंग माजा सदू खोटा नाय! आयशीला नाय म्हनाला नाय तो! त्याला ठावंच नव्हता! तव्यावरची भाकरी करपली, त्यांनी बघितली नाही. पुढचे सात मुद्दे माझ्या हातात राहिले, एकही कुणी विचारला नाही.

मग बाहेर जाऊन शेजारच्या सरबतवालीला, आवडी तिचं नाव, हाक मारली. गो आवडे, ऐकलास? माजा सदू नाय, ह्यो चुकला! आणि बोटाने मला दाखवलं. आवडीने रांगेतल्या एका कुटुंबाला सांगितलं. गाइड होता, त्याने आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. सगळे वळून बघत होते, रागाने नाही, ज्याने चांगली बातमी आणली त्याच्याकडे बघतात तसे. एकाने विचारलं, नक्की काय केलं ह्यांनी? रंगूबाई अभिमानाने म्हणाल्या, ह्यानं निरोप पाठवलाच नाय!

मला दोन भाकऱ्या खायला लावल्या. नको म्हणायचा अधिकार नव्हता. एस्टी येईपर्यंत मी सतरा माणसांना दाखवला गेलो.